तिसरा वर्ग, दोन इंच फोम आणि मोबाईलचे भाव

मंडळाच्या स्मरणिकेशी माझा संबंध दरवर्षी जाहिराती गोळा करण्यापुरताच असतो. यंदा मात्र संपादक मंडळाने "तुम्ही रेल्वेतले, रेल्वेच्या इतिहासावर काहीतरी लिहा," असा आग्रह धरला. लिहायला बसलो रेल्वेवर आणि लेख गेला मोबाईलच्या किमतींवर. असे कसे झाले, ते आधी सांगतो.

२०२५ च्या जून महिन्यात मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश नक्की झाला आणि फोन घेण्यासाठी आम्ही दोघे न्यू मार्केटमधल्या एका दुकानात गेलो. काउंटरवर दोन आयफोन शेजारी शेजारी ठेवलेले. एक आयफोन १६, किंमत ७९,९०० रुपये. दुसरा आयफोन १६-ई, किंमत ५९,९०० रुपये. मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली, "बाबा, हा ई म्हणजे आपल्या थ्री-ईचा ई का?" मला हसू आले. रेल्वेच्या घरात वाढलेल्या मुलीला दुसरे काय सुचणार! २०२१ साली आपल्या गाड्यांना वातानुकूलित थ्री-टियरचा इकॉनॉमी डबा लागला, त्यालाच आपण थ्री-ई म्हणतो. नेहमीच्या डब्यात ७२ बर्थ, या डब्यात ८३.

त्या दिवशी काहीच न घेता परत आलो. घरी वडिलांना दोन्ही भाव सांगितले. वडील भुसावळला खलाशी म्हणून लागले, १९८९ साली भोपाळला डब्यांचा कारखाना सुरू झाला तेव्हा बदलीवर इकडे आले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी विचारले, "स्वस्त फोनात काय नसतं?" मी सांगितले की एक कॅमेरा कमी, मागे चुंबकाची कडी नाही, चिपमध्ये चित्रांचे काम करणारा एक भाग कमी. त्यावर ते म्हणाले, "ते कळलं रे. पण का नसतं?"

या "का" चे उत्तर शोधताना मला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले, आणि तेही रेल्वेच्याच रुळांवरून.

छत नसलेला डबा

रेल्वे युरोपात नवी होती तेव्हा अनेक गाड्यांचे तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे असत. वर छत नाही, बसायला लाकडी बाके. ऊन, पाऊस, इंजिनाचा धूर, सगळे अंगावर. कंपनीकडे छताला पैसे नसतील असेच कोणालाही वाटेल. ज्यूल द्युप्वी नावाच्या फ्रेंच अभियंत्याला तसे वाटले नाही. तो रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातला माणूस होता, हिशेबाचा पक्का. १८४९ साली त्याने वाहतुकीच्या दरांवर एक निबंध लिहिला. त्यातल्या म्हणण्याचा आशय असा की तिसऱ्या वर्गावर छत घालायला फारसा खर्च येत नाही. पण छत घातले, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा प्रवासीही तिसऱ्या वर्गात येऊन बसेल. म्हणून छत नाही. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नाही, तिला खिशात पैसे असलेल्याला घाबरवायचे आहे. भिजतो मात्र गरीबच.

मी डब्यांच्या कामातला माणूस. हे वाचले तेव्हा दोन मिनिटे गप्प बसलो. डबा बनवताना काय घालायचे याचा विचार आम्ही नेहमी करतो. काय मुद्दाम घालायचे नाही, याचाही कोणी विचार करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

पुढे हे छत कसे आले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८४४ साली कायदा झाला. त्यामागे ग्लॅडस्टन होते. नव्या रेल्वे कंपन्यांनी रोज निदान एक गाडी अशी चालवायची की तिसऱ्या वर्गालाही छत आणि बाके असतील आणि भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. हे झाले कायद्याच्या धाकाने. दुसरा धक्का दिला एका कंपनीनेच. मिडलँड रेल्वेने १८७२ साली आपल्या सगळ्या गाड्यांना तिसरा वर्ग जोडला आणि १८७५ साली दुसरा वर्गच बंद करून तिसऱ्या वर्गाला चांगल्या गाद्या दिल्या. बाकीच्या कंपन्यांनी आधी नाके मुरडली, मग हळूहळू तोच रस्ता धरला. म्हणून इंग्लंडात पुढे कित्येक वर्षे पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग मुख्यत्वे उरले. मधला दुसरा गायब! १९५६ साली तिसऱ्याचे नाव बदलून दुसरा केले, तेव्हा कुठे आकडे जुळले.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे तिसऱ्या वर्गाचे जे हाल झाले, ते गांधीजींनी स्वतः त्या वर्गातून फिरून १९१७ साली लिहून ठेवले आहेत. तिसरा वर्ग हे नाव आपण १९७४ साली पुसले, पण बर्थ लाकडी फळीचाच राहिला. तो बदलला प्रा. मधु दंडवते यांनी. राजापूरचे हे खासदार १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम घालायला लावला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात हा फोम होता आणि पहिला वर्ग नव्हताच. गीतांजली भुसावळवरूनच जाते. वडील तेव्हा तिथे यार्डात होते. ते सांगतात, "आम्ही खलाशी नुसते हात लावून बघायला डब्यात चढलो होतो."

दोन इंच फोम. रेल्वे काही त्याने बुडाली नाही.

यंत्र तेच, 'ई' लावून हळू केलेले

आता रुळांवरून उतरून टेबलावरच्या यंत्रांकडे येऊ, कारण मोबाईलवाल्यांनी हे शास्त्र तिथूनही उचलले आहे. १९९० साली आयबीएम कंपनीने एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. नाव ठेवले लेझरप्रिंटर ई. (इथेही ई!) महाग प्रिंटर मिनिटाला दहा पाने छापायचा, स्वस्त पाच. आतले यंत्र जवळजवळ एकच. स्वस्त प्रिंटरला मध्ये मध्ये थांबायला लावणारी व्यवस्था वरून बसवली होती. म्हणजे तो हळू करण्यासाठी जास्तीचे काम करावे लागले होते.

पुढच्याच वर्षी, १९९१ साली, इंटेलने ४८६-एसएक्स ही संगणकाची स्वस्त चिप आणली. ती मूळची ४८६-डीएक्सच होती, फक्त गणिताचा भाग बंद केलेला. ज्याला नंतर गणिताचा भाग हवा असेल त्याने ४८७ नावाची दुसरी चिप विकत घ्यायची. ही दुसरी चिप म्हणजे पुन्हा पूर्ण ४८६ च. ती बसली की पहिली चिप झोपी जायची. ग्राहकाने एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजले.

पण न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चिप बनवताना काहींचा एखादा भाग सदोष निघतोच. असा भाग बंद करून ती चिप स्वस्तात विकली, तर ती फसवणूक म्हणता येणार नाही. आमच्याकडे प्रवाशांसाठी जुने झालेले डबे मोटारगाड्या वाहून न्यायला बदलून देतात, त्यांना आम्ही एनएमजी म्हणतो. चांगला पत्रा भंगारात का घालायचा? तेव्हा प्रत्येक कमी गोष्टीमागे डाव असतो असे नाही. कोणती कमी कशासाठी, हे ओळखता आले पाहिजे.

प्लॅस्टिकचा आयफोन

पहिला आयफोन २९ जून २००७ ला अमेरिकेत विक्रीला आला. ४ जीबीचा ४९९ डॉलरना, ८ जीबीचा ५९९ ना. सव्वादोन महिन्यांतच कंपनीने ४ जीबीचा फोन बंद केला आणि ८ जीबीची किंमत थेट ३९९ वर आणली. रांगेत उभे राहून घेणारे इतके चिडले की स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरची दुकान-सवलत द्यावी लागली. किंमत म्हणजे नुसता खर्च आणि त्यावर नफा इतकेच नसते, ती ग्राहकाला दिलेली जागाही असते, हा धडा तिथे मिळाला असावा.

२००९ साली ॲपलने स्वस्त फोनाची सोपी वाट काढली. नवा ३-जीएस आला तेव्हा जुना ३-जी बंद न करता तो अमेरिकेत दोन वर्षांच्या करारासह ९९ डॉलरना ठेवला. म्हणजे गेल्या वर्षीचा पहिला वर्ग हाच या वर्षीचा दुसरा वर्ग. नवा कारखाना नको, नवे साचे नकोत.

मग २०१३ साली वेगळेच घडले. रिवाजाप्रमाणे नव्या ५-एस खाली जुना आयफोन ५ स्वस्त व्हायला हवा होता. कंपनीने तो बंद केला, त्याचेच आतले सामान रंगीत प्लॅस्टिकच्या कवचात घातले आणि नाव दिले ५-सी. असे का केले असेल? मला वाटते याचे उत्तर छताच्या गोष्टीत आहे. आयफोन ५ आणि ५-एस दोन्ही धातूचे, दिसायला जवळजवळ सारखे. खिशातून काढल्यावर वरचा कोण आणि खालचा कोण ते चारचौघांना कळणारच नाही. प्लॅस्टिकने ते लांबून कळू लागले.

भारतात १ नोव्हेंबर २०१३ ला दोन्ही फोन आले. ५-सी ४१,९०० रुपयांना, ५-एस ५३,५०० ना. चाळीस हजारांवर पैसे मोजायचे आणि वर लोकांनी "सी म्हणजे चीप का?" असे विचारायचे, हे कोणाला रुचणार? अमेरिकेतही फरक शंभरच डॉलरचा होता आणि लोक ५-एसकडेच जास्त वळले. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी दोन फोनांमधली मागणी अंदाजापेक्षा वेगळी निघाल्याचे मान्य केले. काहींच्या मते मात्र ५-सी ने आपले काम चोख केले. लोकांना घाबरवून वरच्या वर्गात बसवले!

त्याच कंपनीची आणखी एक युक्ती २०१४ सालची. आयफोन ६ आला १६, ६४ आणि १२८ जीबीत. मधला ३२ चा आकडा गाळलेला. भारतात भाव ५३,५००, ६२,५०० आणि ७१,५००. फोटो काढणाऱ्याला १६ जीबी पुरत नाही आणि ३२ मिळत नाही, म्हणजे नऊ हजार जास्त देऊन ६४ घेणे आले. इंग्लंडने नको म्हणून दुसरा वर्ग काढला होता. इथे लोकांना तोच हवा असणार म्हणून काढला.

मार्च २०१६ मध्ये आलेला एसई हा उलटा प्रयोग. जुन्या ५-एस चे कवच आणि आत तेव्हाच्या सर्वांत नव्या ६-एस ची चिप. जुन्या डब्याखाली नव्या बोगी घालाव्यात तसे. अमेरिकेत ३९९ डॉलर, आपल्याकडे ३९,००० रुपये. २०१७ साली हाच फोन बंगळूरला जोडला जाऊ लागला आणि भारतात आयफोन बनण्याची सुरुवात तिथून झाली.

भिंती पाडणारे, आणि मग बांधणारे

आता आपल्या बाजाराकडे या. जुलै २०१४ मध्ये शाओमीने भारतात मी-३ फोन आणला १३,९९९ रुपयांना आणि सप्टेंबरात रेडमी १-एस ५,९९९ ना. दुकान नाही, फक्त इंटरनेटवरून विक्री, आणि काही सेकंदांत माल संपायचा. त्याच डिसेंबरात वनप्लस वन आला २१,९९९ ना. महागड्या फोनांतली चिप निम्म्या किमतीत द्यायची, हा दोघांचा मंत्र. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तेव्हा दुसरा विषय नसे. भिंत पडली असेच सगळ्यांना वाटले.

पण पुढे काय झाले पाहा. वनप्लस वर्षागणिक महाग होत गेला. २०२० साली त्याचा ८-प्रो ५४,९९९ रुपयांवर पोचला आणि खाली इतकी जागा मोकळी झाली की कंपनीला जुलैमध्ये नॉर्ड नावाचा स्वस्त वर्ग २४,९९९ पासून सुरू करावा लागला. शाओमीने एप्रिल २०१८ मध्ये यंत्रांच्या विक्रीवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही असे जाहीर केले, त्याच ऑगस्टमध्ये २०,९९९ चा पोको एफ-१ काढला आणि जानेवारी २०१९ मध्ये रेडमीला वेगळे नाव म्हणून बाजूला काढले. थोरल्या नावाला महागात विकायचे, तर धाकट्याचे घर वेगळे असलेले बरे. त्याच महिन्यात सॅमसंगने यांना उत्तर म्हणून इंटरनेटवर विकायची एम मालिका भारतात आणली, ७,९९० रुपयांपासून. जो वर्ग मोडायला येतो, तो स्थिरावला की स्वतःचे वर्ग पाडतो.

तरीही भिंत पाडण्याचा फायदा आपल्याला झालाच. याचे एक उदाहरण देतो. पडदा सेकंदाला ६० वेळा न बदलता १२० वेळा बदलला की फोन हाताला मऊ लागतो. ॲपलने हा पडदा २०२१ साली महागड्या १३-प्रो ला दिला. साधे १३, १४, १५, १६ असे चार आयफोन ६० वरच राहिले. या काळात आपल्याकडे पंधरा-वीस हजारांच्या इतर फोनांत १२० चा पडदा येऊ लागला होता. ऐंशी हजारांच्या फोनाला जो मिळत नाही तो वीस हजारांच्याला मिळतो, म्हणजे अडचण खर्चाची नव्हती असे मी तरी समजतो. ते छत होते, मुद्दाम न घातलेले. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या आयफोन १७ ला ते मिळाले आणि साठवणही २५६ जीबीपासून सुरू झाली, भाव ८२,९००. शेजारच्या कंपनीने गादी घातली की आपल्यालाही घालावी लागते, हे मिडलँड रेल्वेच्या वेळेपासून चालत आले आहे.

वडिलांना दिलेले उत्तर

तर वडिलांच्या "का" चे उत्तर मी असे दिले. स्वस्त वस्तू तीन तऱ्हांनी स्वस्त होते. पहिली तऱ्हा थ्री-ई ची. एका डब्यात अकरा माणसे जास्त बसवली, खर्च वाटला गेला, म्हणून भाडे थोडे कमी. थोडी दाटी होते, पण हिशेब समोर आहे. दुसरी तऱ्हा ३-जी किंवा एसई ची. जुने साचे, जुने सामान, त्याचा खर्च आधीच निघालेला. तिसरी तऱ्हा बिनछताच्या डब्याची. घालता आले असते, पण आपण वरचे तिकीट काढावे म्हणून घातले नाही. एकाच फोनात या तिन्ही तऱ्हा मिसळलेल्या असू शकतात. १६-ई चा एक कॅमेरा कमी, तिथे खर्च खरोखर वाचला. चिपचा एक भाग कमी, ते एनएमजीसारखे असू शकेल. पण चुंबकाची कडी २०२० च्या आयफोन १२ पासून नेहमीच्या आयफोनांत असताना याच्यात नसावी, ते मला छतासारखे वाटते.

मुलगी हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, हिशेब बरोबर आहे. पण कॉलेजात फोन टेबलावर ठेवला की लोक बघतात." यावर मला पटकन बोलता आले नाही. मी डिप्लोमावाला. वीस वर्षे डबे उघडून पुन्हा बांधतोय, तरी नवीन माणसाने "अच्छा, डिप्लोमा का?" असे विचारले की आत काहीतरी हलते. नावापुढच्या एका अक्षराने माणसाला कुठे बसवतात ते मला ठाऊक आहे. म्हणून तिला "लोकांकडे लक्ष देऊ नकोस" असे म्हणालो नाही. एवढेच म्हणालो की फोनात नाही त्या गोष्टींची यादी कर आणि प्रत्येकीपुढे लिही, ही मला लागते का, आणि ही खर्च वाचवायला काढली आहे की मला घाबरवायला.

दोन दिवस तिची यादी जेवणाच्या टेबलावर पडून होती. मग तिने स्वतःच बावीस हजारांचा फोन निवडला, १२० च्या पडद्याचा, आणि उरलेल्या पैशांत लॅपटॉप घेतला. सप्टेंबरात आयफोन १७ ची बातमी आली तेव्हा ती आजोबांना म्हणाली, "आजोबा, त्यांनी छत घातलं." वडील म्हणाले, "घालावंच लागतं. जरा उशीर करतात, एवढंच."

कारखान्यात दुसऱ्या वर्गाचा जुना डबा उघडताना बर्थचे रेक्झिन उसवावे लागते. खाली फोम निघतो, कधी पिवळा पडलेला, कधी चुरा झालेला, आणि त्याखाली फळी. आमच्याकडे नव्याने लागलेली मुले तो उपसून बाजूला टाकतात. तो कधीकाळी तिथे नव्हता, हे त्यांना माहीत नसते. आता मी त्यांना सांगतो.